पुळणीवरची गोल्फ कार्ट : टेक्सासच्या किनाऱ्यावरील ‘बीच पॅकेज’चे परीक्षण

पोर्ट अरान्सासच्या पुळणीवर चालवण्यासाठी गोल्फ कार्ट सज्ज करून देणारी दुकाने गिऱ्हाइकाला जे सामान विकतात, त्यातील बहुतेक सामान वाळूवर मात करण्यासाठी असते. कार्ट मात्र कामातून जाते ती मिठामुळे. वाळूत रुतलेली गाडी चार माणसांनी ढकलली की बाहेर येते आणि सहसा तिचे काही बिघडत नाही, पण आसनाखाली आणि सांगाड्याच्या सांध्यांत साचलेले मीठ गाडी घरी उभी असतानाही रात्रंदिवस धातू खात राहते. ‘बीच पॅकेज’ या नावाने मिळणाऱ्या सेवेचे हे परीक्षण मी याच दृष्टीने करत आहे, कारण त्या पॅकेजमधील कोणत्या वस्तूला पैसे द्यावेत आणि कोणत्या वस्तूला नकार द्यावा, याचा निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. टेक्सासमध्ये १९५९ च्या ‘ओपन बीचेस’ कायद्यामुळे मेक्सिकोच्या आखाताचा किनारा जनतेला खुला आहे, आणि मस्टँग बेटाच्या टोकाला वसलेल्या पोर्ट अरान्सास गावात पुळणीवर मोटारी आणि गोल्फ कार्ट नेण्यास मुभा आहे. वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे, आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यात वाहन लावून बसायचे असेल तर वार्षिक परवाना घ्यावा लागतो. ह्यूस्टन, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो येथील बरीच मराठी कुटुंबे सुट्टीत येथे येतात. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर वाळूच्या टेकड्यांपासून पाण्यापर्यंतचा मऊ वाळूचा पट्टा त्यांना पायी पार करायला लावणे अवघड असते, आणि तेथे गोल्फ कार्ट खरोखर उपयोगी पडते. गोव्यात पुळणीवर वाहन नेण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे माझे मत आहे. येथील किनारा वेगळा आहे: वाळू बारीक असून पाण्यालगत घट्ट बसते, आणि भरती-ओहोटीतील फरक जेमतेम दोन फुटांपर्यंत असतो. ज्याने मुंबईत साडेचार मीटरचे उधाण पाहिले आहे, त्याला हा समुद्र जवळजवळ एकाच रेषेवर थांबल्यासारखा वाटतो. त्यामुळे गाडी चालवण्याजोगा ओलसर, कठीण पट्टा बहुतेक वेळ उपलब्ध असतो. तो नाहीसा होतो तो वाऱ्याने पाणी वर ढकलल्यावर किंवा वादळानंतर.

आमची कार्ट म्हणजे क्लब कार कंपनीची जुनी ‘प्रिसीडंट’ आहे. ४८ व्होल्टची, विजेवर चालणारी, एका गोल्फ मैदानाच्या ताफ्यातून निवृत्त झालेली. अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्या जॉर्जिया राज्यातच आहेत, क्लब कार आणि ई-झेड-गो ऑगस्टा शहराच्या परिसरात आणि यामाहाचा कारखाना न्यूननमध्ये. त्यांच्यात समुद्राच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की क्लब कारचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो आणि इतर दोघींचा पोलादाचा. पोलादी सांगाड्यावर पावडर कोटिंग असते आणि ते शाबूत असेपर्यंत काही अडचण येत नाही. पण पुळणीवर चाकांनी उडवलेली वाळू ते कोटिंग खालच्या बाजूने सतत घासत असते, आणि एकदा त्याला टवका उडाला की आतून गंज पसरत जातो. म्हणून किनाऱ्यालगत वापरायची जुनी कार्ट घेताना मी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यालाच पसंती देईन. मात्र सांगाडा गंजत नाही म्हणजे गाडी गंजत नाही, असा अर्थ विक्रेते सूचित करतात तो खरा नाही. पुढचे आणि मागचे पाटे (पट्टीच्या स्प्रिंग), ॲक्सल, स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे ड्रम आणि केबली, शिवाय शेकडो लहानमोठे बोल्ट हे सारे पोलादीच असते. जुनी कार्ट पाहायला गेल्यावर आसन उचलून बॅटऱ्या पाहण्याआधी मागच्या पाट्यांच्या टोकांशी असलेले, पाटे सांगाड्याला जोडणारे शॅकल पाहावेत. तेथे पापुद्रे सुटलेले दिसले, तर ती गाडी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये.

जवळच्या कॉर्पस क्रिस्टी शहराच्या परिसरातील एका कार्यशाळेत हे पॅकेज दोन प्रकारांत मिळते. मोठ्या प्रकारात सहा इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सामान), २२ इंच उंचीचे खोल नक्षीचे टायर, लिथियम बॅटरी, दिवे, आरसे आणि गंजरोधक फवारणी येते. लहान प्रकारात लिफ्ट किट नसते आणि १८ इंचांचेच, पण रुंद टायर येतात. आम्ही लहान प्रकार घेतला आणि सॅन अँटोनियोच्या आमच्या एका स्नेही कुटुंबाने त्याच बनावटीच्या कार्टवर मोठा प्रकार करून घेतला. दोन्ही गाड्या एकाच पुळणीवर, अनेकदा एकाच दिवशी चालल्या आहेत, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले.

आधी टायरांविषयी लिहितो, कारण वाळूचा प्रश्न जवळजवळ सगळा येथेच सुटतो. गोल्फच्या हिरवळीवर चालणाऱ्या कार्टच्या टायरांत साधारण २० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला २० पौंड दाबाची, हवा असते. कार्ट आणि बॅटऱ्या मिळून हजार पौंड आणि चार माणसांचे सहाशे पौंड, असे सोळाशे पौंड वजन धरले, तर २० पीएसआयला चारही टायर मिळून जमिनीला सुमारे ८० चौरस इंच टेकतात, म्हणजे दर चाकाला २० चौरस इंच, तळहातापेक्षा थोडेसे अधिक. हवा ८ पीएसआयवर आणली की हाच आकडा २०० चौरस इंचांवर जातो. टायरच्या भिंतीचा ताठरपणा धरला तर प्रत्यक्षात थोडाफार फरक पडेल, पण दिशा स्पष्ट आहे: कोणतीही खरेदी न करता, केवळ हवा सोडून, टेकणारी जागा अडीच पट होते आणि वाळूवरील दाब त्याच प्रमाणात उतरतो. कार्यशाळेतील वयस्क मेकॅनिकने हे आम्हाला स्वतःहून सांगितले, आणि ‘आधी हवा सोडून बघा, नाही जमले तर लिफ्टसाठी परत या’ असा सल्ला दिला. विकणाऱ्याच्या तोंडून असा सल्ला ऐकणे ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली बाब आहे.

हवा कमी करण्याला मर्यादा आहे. फार कमी हवेवर जोरात वळण घेतले तर टायरची कड रिमवरून निसटते, म्हणून ८ पीएसआयच्या खाली जाऊ नये आणि पुळणीवर वळताना वेग उतरवावा. मोटारीसाठीचा हवामापक एवढ्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. ० ते २० पीएसआय मोजणारा वेगळा मापक घ्यावा लागतो. आणि गावातल्या डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायरच्या बाजू तापून खराब होतात. त्यामुळे पॅकेजमध्ये १२ व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर असायलाच हवा होता. तो नव्हता, आम्ही वेगळा घेतला. कॉम्प्रेसर ४८ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडता येत नाही, मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो दिव्यांसाठी बसवलेलाच असतो. तेव्हा एक जलरोधक सॉकेट काढून देणे कार्यशाळेला मुळीच अवघड नव्हते.

टायरच्या नक्षीबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. खोल, ठसठशीत नक्षीचे टायर दिसायला भक्कम दिसतात, पण ते चिखलासाठी असतात. कोरड्या वाळूत प्रत्येक ठोकळा फावड्यासारखा वाळू उपसतो आणि चाक फिरत असतानाच खाली जाते. हिरवळीला ओरखडे पडू नयेत म्हणून बनवलेले उथळ नक्षीचे रुंद टायर वाळूवर त्याहून चांगले तरंगतात. स्नेह्यांची उंच कार्ट आणि आमची बुटकी कार्ट टेकड्यांजवळच्या भुसभुशीत पट्ट्यात शेजारी शेजारी उभी करून निघालो, तेव्हा पेडल एकदम दाबल्यावर उंच कार्टची मागची चाके जागेवरच फिरत राहिली आणि आमची सावकाश निघाली. दोन्ही गाड्यांना फक्त मागची चाके ढकलतात आणि दोन चाकांत जोर वाटणारा डिफरन्शिअल साधा असतो, म्हणजे ज्या चाकाची पकड सुटते त्याच्याकडेच जोर निघून जातो. म्हणून वाळूत निघताना पेडलवर पाय अलगद ठेवणे हे कोणत्याही सामानापेक्षा महत्त्वाचे ठरते.

लिफ्ट किट मी नाकारले त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण दुकानांच्या जाहिरातींत सर्वांत मोठे चित्र त्याचेच असते आणि किट, मोठे टायर व मजुरी धरून तेच सर्वांत महाग पडते. पहिले कारण यांत्रिक आहे. १८ इंचांच्या जागी २२ इंचांचे चाक आले की चाकाची त्रिज्या २२ टक्क्यांनी वाढते; तेवढाच ढकलण्याचा जोर मिळवायला मोटरला २२ टक्के जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यावा लागतो, आणि तो टॉर्क विद्युतप्रवाहातून येतो. वाळूत मुळातच प्रवाह जास्त खेचला जातो. त्यात ही भर पडली की मोटरला जाणारा प्रवाह सांभाळणारा कंट्रोलर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करतो. स्नेह्यांची कार्ट दुपारच्या उन्हात मऊ वाळूतून गेल्यावर मरगळते, ती याच कारणाने. दुसरीकडे, कंट्रोलरला कळतात ते मोटरचे फेरे, चाकाचा घेर कळत नाही. त्यामुळे ताशी १४ मैलांवर बांधलेली कार्ट मोठ्या चाकांनी १७ मैलांवर जाते आणि पुळणीची मर्यादा नकळत ओलांडते.

दुसरे कारण माणसांचे आहे. सहा इंच उंचावलेल्या कार्टचा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि उतारावर किंवा झटक्याच्या वळणात ती कलंडण्याचा धोका वाढतो. गोल्फ कार्टमधून पडून होणाऱ्या दुखापतींत लहान मुले बरीच असतात. वळणावर बाहेरच्या बाजूला बसलेले मूल सरळ बाहेर फेकले जाते. ज्या वृद्धांसाठी कार्ट घ्यायची, त्यांनाच तिच्यात चढण्यासाठी पायरी चढावी लागली तर मूळ हेतूच उरत नाही. आसनपट्टे दोन्ही पॅकेजांत वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात, ही गोष्ट मला पटली नाही. मागे उलट तोंडाचे आसन बसवून देणाऱ्याने पट्टे त्याच किमतीत द्यायला हवेत.

तिसरे कारण पुन्हा मिठाचे. लिफ्ट किट पोलादाचे असते आणि ते ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला बोल्टांनी आवळले जाते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारे पाणी असले की तेथे एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. म्हणजे ज्या सांगाड्यासाठी आपण ही कार्ट निवडली, त्यालाच लिफ्ट किटमुळे झिजण्याच्या आठ-दहा नव्या जागा मिळतात. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि प्रत्येक बोल्टाला ‘टेफ-जेल’सारखी रोधक पेस्ट लावली तर हे बरेचसे टळते, स्नेह्यांच्या कार्टवर बोल्टांना पेस्ट होती, पण पट्ट्या आणि सांगाडा यांच्यामध्ये काहीच नव्हते, आणि एका हंगामानंतर तेथे रंगाखाली पांढरी भुकटी धरलेली दिसली.

लिफ्टची बाजूही मांडली पाहिजे. वादळी पावसानंतर किंवा सुट्टीच्या मोठ्या गर्दीनंतर पुळणीवर उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी ट्रकांच्या खोल चाकोऱ्या पडतात, आणि बुटकी कार्ट त्यांत पोटावर टेकते. चाके मोकळी फिरतात आणि हवा कमी करूनही उपयोग होत नाही. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत सरगॅसम या समुद्री शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर येतात, तेव्हाही उंच कार्ट अधिक निवांतपणे जाते. ज्यांना वर्षभर, कोणत्याही हवामानात मासेमारीसाठी दूरवर जायचे असते, त्यांच्यासाठी तीन-चार इंचांचे लिफ्ट समजण्यासारखे आहे. कुटुंबाला सकाळी पाण्यापर्यंत आणि संध्याकाळी परत नेण्यासाठी त्याची गरज नाही. एक आखूड फावडे आणि ओढायचा मजबूत पट्टा आसनाखाली ठेवला की पुरते.

लिथियम बॅटरीबाबत माझे मत अनुकूल आहे, जरी किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास जाते. जुन्या पद्धतीत आठ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. ट्रोजन कंपनीची सर्वपरिचित टी-८७५ घेतली तर एकीचे वजन ६३ पौंड, म्हणजे सहांचे ३७८ पौंड. लिथियम आयर्न फॉस्फेटचा ५१.२ व्होल्टचा, १०५ अँपिअर-तासांचा संच त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका असतो, आणि वाळूवर उतरलेले प्रत्येक पौंड उपयोगी आहे. शिवाय शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी आम्लाची वाफ निघते, ती टर्मिनलांवरील मिठाशी मिळून आसनाखालचा सगळा धातू पोखरते. बंद लिथियम संचाने हा उपद्रव मुळापासून संपतो. तथापि संच निवडताना अँपिअर-तासांपेक्षा त्याच्या संरक्षक यंत्रणेची, म्हणजे बीएमएसची, प्रवाह देण्याची क्षमता पाहावी. सपाट रस्त्यावर कार्ट जेमतेम प्रवाह घेते, पण रुतलेल्या चाकाला हलवताना तो क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. बीएमएस अपुरी असेल तर ती संचच बंद करते आणि नेमकी रुतलेल्या जागी कार्ट निर्जीव होते. कंट्रोलर जास्तीत जास्त जेवढा प्रवाह ओढू शकतो, तेवढा संच काही सेकंद तरी देऊ शकतो का, हे लेखी विचारून घ्यावे. प्रिसीडंटमध्ये जुना ऑनबोर्ड कॉम्प्युटरही बाजूला काढावा लागतो आणि चार्जर बदलावा लागतो. कार्यशाळेने ही दोन्ही कामे व्यवस्थित केली आणि चार्जर मूळ किमतीतच धरला होता.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मिठाकडे येतो. पॅकेजमधील ‘गंजरोधक फवारणी’ म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनवर आधारित ‘फ्लुइड फिल्म’ची फवारणी होती. उत्पादन उत्तम आहे. ते सुकत नाही, चिकट थर धरून राहते आणि पाणी धातूपर्यंत पोहोचू देत नाही. कार्यशाळेने मागची चाके आणि ड्रम उतरवून, पाटे घासून साफ करून, मग फवारणी केली, हे मी उभा राहून पाहिले आणि त्यांच्या कामाबद्दल आदर वाटला. परंतु हा थर कायमचा नसतो. धुण्याने आणि वाळूच्या घर्षणाने तो झिजतो, आणि दर हंगामाला, खूप वापर असेल तर त्याहूनही आधी, पुन्हा मारावा लागतो; हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. साध्या, तेल न सोसणाऱ्या रबराला त्याने फुगवटा येऊ शकतो, म्हणून रबरी बुश टाळून फवारावे.

सर्वांत मोठा दोष विजेच्या जोडकामात निघाला. बॅटरीपासून सोलेनॉइड (मुख्य प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), कंट्रोलर आणि मोटरपर्यंत जाणाऱ्या जाड केबली नव्या घातल्या होत्या, पण त्या साध्या तांब्याच्या होत्या आणि टोकांचे लग, म्हणजे जोडणीचे धातूचे तुकडे, नुसते दाबून वर रंगीत प्लास्टिकची नळी चढवलेली होती. काही महिन्यांनी कार्ट निघताना अडखळू लागली. मी सोलेनॉइडकडची एक नळी चाकूने उकलली, तेव्हा आत लगच्या गळ्याशी हिरवी पूड जमलेली होती आणि ती तांब्याच्या तारांमधून इन्सुलेशनच्या खाली बोटभर आत शिरली होती. वरून केबल अगदी नवी दिसत होती. खारी हवा तारांच्या फटींतून अशीच चढते, विद्युतरोध वाढतो, जोडणी तापते, आणि मग लोक मोटर किंवा कंट्रोलर बदलत बसतात. यावर उपाय बोटी बांधणारे पूर्वीपासून करत आले आहेत: तांब्याच्या भांड्याला आपल्याकडे कल्हई लावत, तसा तारेतील प्रत्येक धाग्याला कथिलाचा मुलामा असलेली मरीन केबल, आणि आतून गोंद असलेली, तापवल्यावर आक्रसून बसणारी नळी. कार्यशाळेने तक्रार ऐकून घेतली आणि मरीन केबल घालून दिली, मात्र सामानाचे पैसे वेगळे घेतले. ‘बीच’ हा शब्द ज्या पॅकेजच्या नावात आहे त्यात ही केबल मुळातच असली पाहिजे. सहा इंचांच्या लिफ्टच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ आहे.

पेडलखालचा मायक्रोस्विच, पुढे-मागे जाण्याचा स्विच, किल्लीची जागा आणि चार्जिंगचे सॉकेट या चार जागा त्याच रांगेतल्या आहेत. प्रत्येक जोडणी उघडून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा रोखणारे, वीज न वाहणारे ग्रीस) भरणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते पॅकेजमध्ये नव्हते. काम देताना या चारही जागांची नावे घेऊन ते यादीत लिहून घ्यावे.

कार्यशाळेतून गाडी घरी आल्यावर उरते ती धुलाई, आणि तिला पर्याय नाही. पुळणीवरून परतल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालची बाजू धुवावी. प्रेशर वॉशर अजिबात वापरू नये. त्याचा झोत मीठ सीलांच्या आत ढकलतो आणि मोटर व कंट्रोलरमध्ये पाणी शिरते. अंगणात बागेला पाणी घालायचा स्प्रिंकलर कार्टच्या खाली सरकवून ठेवावा आणि मधूनमधून कार्ट हातभर पुढे-मागे करावी. पाटे, ॲक्सल आणि सांगाड्याच्या खोबणी यांपर्यंत पाणी आपोआप पोहोचते. पुढची काच कोरड्या फडक्याने पुसली तर तिच्यावरील वाळूने कायमचे ओरखडे येतात, म्हणून आधी पाणी ओतावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नये, कारण खारट ओलाव्याने ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

कायद्याचे थोडक्यात. टेक्सासच्या कायद्यानुसार वाहनांना खुल्या असलेल्या पुळणीवर गोल्फ कार्ट चालते, पण तेथपर्यंत गावातील रस्त्याने जायचे असेल तर परवानापाटी, दिवे, परावर्तक, आरसे, पार्किंग ब्रेक आणि संथ वाहनाचे त्रिकोणी चिन्ह लागते. पॅकेजमध्ये हे सर्व बसवून मिळाले, फक्त पाटीचा अर्ज आपण करायचा. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत केम्प्स रिडली जातीची कासवे अंडी घालण्यासाठी या किनाऱ्यावर येतात, आणि इतर बहुतेक कासवांप्रमाणे रात्री न येता ती दिवसाउजेडी येतात, म्हणजे नेमकी आपल्या वर्दळीच्या वेळी. मादीचा रंग वाळूत मिसळून जातो. त्या महिन्यांत मी ताशी दहा मैलांच्या वर जात नाही आणि शेजारी बसलेल्याला पुढे नजर ठेवायला सांगतो. खोल चाकोऱ्यांत पिले अडकू शकतात, म्हणून मऊ वाळूत उगाच चक्कर मारणेही टाळतो.

वर्षातून एखाद्या लांब सुट्टीपुरते येणाऱ्यांनी कार्ट विकत घेऊन तिच्यावर हा खर्च करण्यापेक्षा गावात भाड्याने मिळते ती घ्यावी. ताब्यात घेण्याआधी मालकाला आसन उचलून दाखवायला सांगावे आणि केबलींची टोके पाहावीत. टायरांत हवा किती आहे आणि पुळणीवर ती कमी करायला परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे. आणि प्रत्येक आसनाला पट्टा आहे की नाही, हे मुले बसण्याआधी तपासावे. विकत घेणाऱ्यांना मी याच कार्यशाळेच्या धर्तीचे लहान पॅकेज सुचवेन, पण मरीन केबल, डायइलेक्ट्रिक ग्रीस, आसनपट्टे आणि कॉम्प्रेसरचे सॉकेट या चार गोष्टी कागदावर लिहून घेऊनच आगाऊ रक्कम द्यावी.